अडचण चिपची नाही

महोदय,

टॅब्लेट डेस्कटॉपची जागा का घेऊ शकत नाही, याविषयी आपल्या अंकात आलेला लेख वाचला. लेखकाने सगळा दोष हार्डवेअरवर टाकला आहे. ते पटत नाही. अ‍ॅपलने २०२० मध्ये मॅकबुक एअर या लॅपटॉपला दिलेली एम१ चिप २०२१ मध्ये आयपॅड प्रो या टॅब्लेटमध्येही आली, काही मॉडेलांत १६ जीबी रॅमसह (चालू कामासाठीची मेमरी). तरीही सुरुवातीला एका अ‍ॅपला त्यातली जेमतेम ५ जीबीच वापरता येत होती. हे बंधन ऑपरेटिंग सिस्टीमचे होते. त्याच वर्षी आयपॅडच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या नव्या आवृत्तीने, आयपॅडओएस १५ ने, ते सैल केले, तेही त्याच यंत्रावर, एक स्क्रूही न हलवता.

पंखा नसल्याने टॅब्लेट तापतो आणि मंदावतो, हा लेखकाचा मुद्दा खरा. (पंखा त्या मॅकबुक एअरलाही नाही, हे मात्र लेखात आलेले नाही.) पण खरा फरक वेगळाच आहे. डेस्कटॉपवर आपण हवे ते सॉफ्टवेअर कुठूनही आणून बसवतो. आयपॅडवर काय चालावे, हे बहुतांशी कंपनी ठरवते. लेखात चर्चा व्हायला हवी होती ती याची.

– एक वाचक