कपड्यांच्या साखळ्या आणि नफ्याचे अंदाज

महोदय,

निकालांच्या हंगामात आपल्या अर्थविषयक पानावर तयार कपड्यांच्या साखळ्यांचा पुढील वर्षाचा अंदाजित प्रतिशेअर नफा छापून येतो. तो अनेक विश्लेषकांच्या अंदाजांची सरासरी असतो, पण वाचक त्यालाच कंपनीचे भविष्य समजतात. यात पैसा बुडतो, म्हणून हे पत्र.

समजा, पाच जणांचे अंदाज १४, १९, २०, २१ आणि ३१ रुपये आहेत. सरासरी २१, मधला आकडा २०. पण ३१ सांगणाऱ्याचा अहवाल चार महिने जुना असू शकतो. किंवा मधल्या काळात बोनस शेअर निघून शेअरांची संख्या वाढली आणि त्याने आकडा बदललाच नसेल. तेव्हा आधी अहवालाची तारीख पाहावी. आणि १४ सांगणारा असे का म्हणतो, हे जरूर वाचावे; तिथेच कामाची गोष्ट सापडते.

कपड्यांत एका तिमाहीची तुलना हमखास फसवते. बडोदेकरांना हे नवा बाजारात उभे राहिले तरी कळेल. २०२४ मध्ये घट ३ ऑक्टोबरला बसले, २०२५ मध्ये २२ सप्टेंबरलाच. चनियाचोळीची जी खरेदी आदल्या वर्षी दोन तिमाहींत विभागली होती, ती बरीचशी सप्टेंबरच्या तिमाहीत सरकली. त्याच २२ सप्टेंबरला जीएसटीही बदलला: २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के, त्यापुढे १८, पूर्वी १,००० रुपयांपुढे सरसकट १२ होता. अशा वर्षी सप्टेंबर आणि डिसेंबर या दोन्ही तिमाहींची बेरीज करून ती मागच्या वर्षीच्या बेरजेशी ताडावी.

अंदाजाचा पाया मात्र दुकानात असतो. विक्री २० टक्के वाढेल असे लिहिले असेल, तर त्यात जुन्या दुकानांची वाढ किती आणि नव्यांची भर किती, हे वेगळे काढावे. जुन्या दुकानांची विक्री जागच्या जागी असेल तर ती वाढ नव्या जागा भाड्याने घेऊन आणलेली आहे.

त्याहून महत्त्वाचा आहे पडून राहिलेला माल. शिल्लक मालाला विकलेल्या मालाच्या खर्चाने भागून ३६५ ने गुणावे. शिल्लक ३०० कोटी, खर्च ९०० कोटी, तर माल सुमारे १२२ दिवसांचा. गेल्या वर्षी हेच १०० दिवस असतील, तर पुढचा सेल बहुधा मोठा लागणार, कारण फॅशन गेली की कापड तेच राहून किंमत उतरते. १,५०० कोटींच्या विक्रीवर ढोबळ नफा (विक्रीतून मालाचा खर्च वजा जाता उरणारा) विक्रीच्या दोनच टक्क्यांनी घसरला तरी ३० कोटी गेले. करपूर्व नफा ९० कोटी असेल, तर त्याचा तिसरा हिस्सा! अंदाज चुकतात ते बहुधा इथेच.

एक हिशेबी खाचही आहे. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या इंड एएस ११६ या लेखामानकामुळे दुकानभाड्याचा मोठा भाग घसारा आणि व्याज म्हणून दाखवला जातो, त्यामुळे एबिटा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा, फुगलेला दिसतो. काही विश्लेषक जुन्या पद्धतीने आकडे देतात, काही नव्या. दोन्हींची सरासरी काढणे म्हणजे मीटर आणि वार एकत्र मोजणे.

आपणांस विनंती की, त्या तक्त्यात सरासरीशेजारी विश्लेषकांची संख्या, सर्वांत वरचा व खालचा अंदाज आणि शेवटच्या बदलाची तारीख छापावी. शक्य झाल्यास मागच्या तीन वर्षांचे वर्षारंभीचे अंदाज आणि प्रत्यक्ष नफाही द्यावा.

आपला,
एक नियमित वाचक, दांडिया बाजार, बडोदे