हिशेबाची डायरी

प्रिय बाळ,
प्रभूमध्ये सलाम.

परवा फोनवर तू रडलीस आणि मी ‘जाऊ दे, देव बघतो’ म्हणून मोकळा झालो. ते मला रात्रभर टोचत राहिलं. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीच्या तापात तू तीन रात्री जागलीस, पेज करून भरवलीस, आणि तुझं अंग तापलं तेव्हा तिनं साधं पाणी विचारलं नाही. वाईट वाटणारच. वाटू नये असं शास्त्रात कुठंही लिहिलेलं नाही.

पतसंस्थेत जमाखर्च लिहिण्यात माझा जन्म गेला. आजी अंथरुणाला खिळली ते वर्ष तुला पुसटसं आठवत असेल. मी तेव्हा एक डायरी ठेवली होती. कुठल्या रात्री मी जागलो, काकांनी औषधाला किती दिले, आत्या किती दिवस राहून गेली, सगळं तारखेनिशी. आजीला माती देऊन आठवडा झाला नसेल, मी ती काकांपुढे उघडली. आकडे चोख होते. त्यानंतर चार नाताळ काका आपल्या घरी आले नाहीत. आणि बाळा, आजीचे कपडे बदलणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री उठून तिची कूस बदलणं, हे सगळं मम्मीनं केलं. त्या डायरीत तिचं नाव एकदाही नव्हतं. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं आणि तिनं कधी विचारलंही नाही.

बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा 13वा अध्याय आपण लग्नात वाचतो, म्हणून तो गोड वाटतो. पण प्रेषित पौलानं तो लिहिला करिंथच्या भांडणाऱ्या मंडळीला. दोनच अध्याय आधी तो त्यांना झापतो आहे, की प्रभुभोजनाला जमता आणि एक जण उपाशी राहतो, दुसरा पिऊन तर्र होतो. अरे, एकमेकांसाठी थांबा तरी! प्रीती अपकार स्मरत नाही, असं आपण जे वाचतो, तिथला मूळ ग्रीक शब्द जमाखर्चातला आहे. खात्यावर मांडून ठेवणं, असा. पाळकसाहेबांनी हे बायबल अभ्यासात सांगितलं तेव्हा मला मान वर करवेना.

पुण्याला गाडीनं जाताना दौंड सोडलं की केडगाव लागतं. आपल्या नगरशेजारचं नव्हे, पंडिता रमाबाईंचं. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, त्या बाई 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, आजारी मुलींना घेऊन आल्या. कशाची परतफेड करणार होत्या त्या पोरी? मी दर वेळी त्या स्टेशनवर खिडकीतून बाहेर बघतो आणि माझी डायरी आठवते.

प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्याला धरून देणारा यहूदा उठून गेलेला नव्हता. त्याचेही पाय त्याच पाण्यानं धुतले गेले. पुढं तो काय करणार हे प्रभूला ठाऊक असताना. मला हे अजून पुरतं झेपत नाही, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

याचा अर्थ सगळं गिळून गप्प बस असा मात्र घेऊ नकोस. वरून हसायचं आणि आत एकेक नोंद करत जायचं, हे मी करून बसलो आहे. प्रभूनं सांगितलेली रीत सरळ आहे: भावानं अपराध केला तर जा आणि दोघंच असताना त्याला सांग. बाकीच्या दोघींपुढे नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच. चहा कर, तिच्या शेजारी बस आणि म्हण, ‘त्या दिवशी मला तुझी गरज होती गं.’ कदाचित तिच्या घरी कुणी आजाऱ्याजवळ बसलेलंच नसेल. कदाचित ती तरीही बदलणार नाही.

काकांना मी गेल्या वर्षी तसंच भेटलो. डायरी आधी बंबात घातली होती. ते फार बोलले नाहीत, पण निघताना मम्मीसाठी शेतातल्या शेंगा दिल्या. त्याच भाजून तिनं चटणी कुटली आहे. शनिवारी घेऊन येतो. डबा मोठा आहे, चौघींना पुरेल.

तुझे,
पप्पा