कंबोडियाची सहल आखून देणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "ठेवतो, कुकर लावलाय" म्हणून सुटका करून घेता. म्हणून हे पत्र असं उघड, चारचौघांत लिहिते आहे.

नातं म्हणाल तर तुम्ही माझ्या नणंदेचे शेजारी. पुरातत्त्व खात्यातून निवृत्त झालेले, कंबोडियात अंगकोरच्या ता प्रोम देवळाच्या जीर्णोद्धारावर काही वर्षं काढलेले, एवढ्या माहितीवर मी तुम्हाला फोन केला होता. माझ्या हातात एका सहल कंपनीचा कागद होता: बँकॉक, पट्टाया आणि शेपटाला 'अंगकोर वाट सूर्योदय, तीन मंदिरं, खरेदी, परत'. तुम्ही तो मला मोठ्याने वाचायला लावलात. मग तुमचा पहिला प्रश्न आला, तो देवळांचा नव्हताच. "सासूबाईंचे गुडघे कसे आहेत?"

त्या एका प्रश्नावर निम्मा बेत ठरला. अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या मजल्याचा जिना किती उभा आहे, बारा वर्षांखालच्या मुलांना तिथे सोडत नाहीत, खांदे-गुडघे झाकलेले नसले तर मोठ्यांनाही खालूनच परत पाठवतात, हे सगळं तुम्ही आधीच सांगितलंत. बौद्धांच्या उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशी तो मजला बंद असतो. त्यावर तुमचा तोडगा: "कालनिर्णय काढ. अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या बघ. एखाद्या दिवसाचा फरक पडेल, पण त्यांच्या आसपास वर चढायचा बेत ठेवू नकोस." परदेशवारीच्या तारखा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर ठरल्या, याचं आमच्याकडे अजून हसू होतं.

अंगकोरची देवळं बघायच्या पासाचंही तसंच. एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, आणि ते तीन दिवस सलग वापरावे लागत नाहीत, दहा दिवसांत कधीही चालतात. "मध्ये एक दिवस काही बघू नका. नाहीतर चौथ्या देवळापासून सगळे दगड सारखेच दिसायला लागतात," या तुमच्या वाक्याने सासूबाई कायमच्या तुमच्या पक्षात गेल्या. प्रत्येक पासातले २ डॉलर कांथा बोफा या मुलांच्या मोफत रुग्णालयांना जातात हे कळल्यावर आमची किमतीबद्दलची कुरकुरही थांबली.

पण काका, खरे आभार मानायचे आहेत ते तुम्ही घातलेल्या एका अटीचे. "तिथे जाऊन प्रत्येक खांबापाशी 'हे आपलंच' म्हणायचं नाही," असं तुम्ही बजावलंत. मला ते जरा लागलं होतं. विष्णूचं देऊळ, भिंतीवर कुरुक्षेत्र, शिलालेख संस्कृतात. आपलं नाही तर कोणाचं? तुम्ही म्हणालात, "दगड फोडणारे ख्मेर, म्हणजे तिथलेच लोक, राजा ख्मेर, आणि आज तिथे उदबत्ती लावणारी म्हातारीही ख्मेर. गोष्ट इकडून गेली असेल. घर त्यांचं आहे." मग भिंती कोणत्या क्रमाने बघायच्या ते सांगितलंत, आणि त्या क्रमानेच तुमचं म्हणणं आम्हाला पटलं.

अंगकोर वाट पश्चिमाभिमुख आहे. पहाटे सगळं जग तळ्याकाठी फोन उंचावून उभं असतं आणि मंदिराचा दर्शनी भाग मात्र काळोखात असतो. तुम्ही आम्हाला सकाळी पूर्वेच्या, मागच्या दाराने आत पाठवलंत. समुद्रमंथनाच्या भिंतीवर कोवळं ऊन आलेलं होतं आणि माणूस नव्हता. जवळजवळ ४९ मीटर लांबीची ती एकच कथा. एकीकडे ९२ असुर, दुसरीकडे ८८ देव, मधोमध विष्णू, वर तरंगत्या अप्सरा आणि खाली घुसळणीत चिरफाळलेले मासे नि मगरी. माझी लेक मासेच बघत राहिली. मालवणी पोरगी ती.

दर्शनी बाजूने तुम्ही आम्हाला संध्याकाळी आणलंत, मावळतीचं ऊन समोरून येतं तेव्हा. तिथून उजवीकडे वळलं की कुरुक्षेत्र. शरपंजरी पडलेला भीष्म लेकीने आमच्याआधी शोधला. पुढे दक्षिणेच्या भिंतीवर स्वतः दुसरा सूर्यवर्मा, बाराव्या शतकात हे देऊळ बांधवून घेणारा राजा, छत्र्यांच्या दाटीत बसलेला, आणि त्याच्या सैन्याची मिरवणूक. हा क्रम म्हणजे उलटी प्रदक्षिणा. देव डाव्या हाताला राहतो. सासूबाई अडखळणार हे तुम्ही ओळखलं होतं. हे देऊळ राजाचं मृत्युस्मारकही असावं असं मानणारे अभ्यासक याच उलट्या फेऱ्याचा दाखला देतात, हे तुम्ही त्यांना फोनवरच सांगून ठेवलं होतंत. त्यांनी तिथे एवढंच म्हटलं, "मग बरोबर आहे," आणि चालू लागल्या.

त्यानंतर बायॉन. सातव्या जयवर्म्याच्या त्या देवळाचे प्रचंड चेहरे सगळ्यांच्याच फोटोंत असतात, पण तुम्ही सांगितल्याप्रमाणे आम्ही आधी खालच्या भिंतीपाशी बसकण मारली. तिथे रामायण-महाभारत नाही. कोंबड्यांची झुंज आहे, मासे भाजणारे आहेत, बाजारात तोलून देणाऱ्या बाया आहेत, बाळंत होणारी बाई आहे, शेजारच्या चंपा राज्यातल्या चाम लोकांशी झालेली होड्यांमधली लढाई आहे. १२९६ साली तिथे आलेल्या झोउ दागुआन या चिनी दूताने लिहून ठेवलंय की इथला व्यापार बायकाच करतात. दुसऱ्या दिवशी सिएम रीपच्या जुन्या बाजारात गेलो तर गल्ल्यावर बायकाच. 'आपलंच' म्हणायची माझी खोड त्या भिंतीपाशी गेली.

ता प्रोमबद्दल तुम्ही फार बोलला नाहीत. ज्याने तिथे घाम गाळला त्याने कमी बोलावं हे बरोबरच, पण मला ते खटकलं, म्हणून इथे लिहिते. जयवर्म्याने हे ११८६ मध्ये आपल्या आईच्या स्मरणार्थ उभारलं. शिलालेखात आवारात राहणाऱ्यांचा आकडाच १२,६४० दिलाय, आणि राज्यातल्या १०२ आरोग्यशाळांचा उल्लेखही तिथलाच. पर्यटक झाडांच्या मुळांत फोटो काढतात. आम्ही मात्र तुम्ही सांगितलेले लोखंडी टेकू शोधत होतो, नवा दगड जुन्याला कुठे सांधलाय ते बघत होतो. "झाड काढलं तरी भिंत पडते, ठेवलं तरी पडते, आपण फक्त घाई होऊ देत नाही," हे तुमचं म्हणणं तिथे उभं राहिल्यावर समजलं. आपल्या खात्याने १९८६ ते १९९३ अंगकोर वाटला केलेल्या सफाईवर रसायनांमुळे टीका झाली होती, हेही तुम्हीच मला सांगितलंत. खात्याचा माणूस असून सांगितलंत, म्हणून तुमच्या बाकीच्या सल्ल्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवला.

बांते स्रेईला सकाळीच गेलो. ९६७ मधलं देऊळ, गुलाबी वालुकाश्म, आणि ते राजाने नव्हे तर यज्ञवराह नावाच्या राजगुरूने बांधवलेलं. नक्षीबद्दल मी काय लिहू, बघावं. वाटेत प्रे डाक गावात थांबायचं तुमचं फर्मान होतं आणि या सहलीतलं सर्वांत चांगलं जेवण तिथे झालं: नोम बान्ह चोक. आंबवलेल्या तांदळाच्या ताज्या शेवया, वर माशाचा हिरवट रस्सा आणि कच्च्या भाज्या-पाल्याचा ढीग. ते त्यांचं न्याहारीचं खाणं, दुपारी संपलेलं असतं, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर रिकाम्या टोपापुढे उभे राहिलो असतो.

खाण्याबद्दल तुमचा कागद देवळांच्या कागदापेक्षा मोठा निघाला, याचा मला आनंद आहे. क्रोअंग म्हणजे गवती चहाचा दांडा, गलांगल, हळद, मकरूट लिंबाची पानं, लसूण यांचं वाटण. ते एकदा नाकात बसलं की आमोक (नारळाच्या दुधात वाफवलेले मासे) असो की सामलॉ (पातळ रस्सा), ओळख पटते. प्राहोकला, म्हणजे मुरवलेल्या माशाला, बाकीचे पर्यटक नाक मुरडतात. सुकटीवर वाढलेल्या आमच्या घरात त्याचं काय अप्रूप! भाजलेल्या वांग्याबरोबर दोनदा मागवलं. अडचण सासूबाईंच्या सोमवारची होती. भाजीतही फिश सॉस असतो आणि मांस काढून टाकलं की झालं शाकाहारी, अशी तिथली समजूत. त्यासाठी तुम्ही तुमच्या जुन्या ख्मेर सहकाऱ्याकडून त्यांच्या लिपीत चिठ्ठी लिहवून पाठवलीत: मांस नको, मासे नकोत, तुक त्रेई (फिश सॉस) नको, प्राहोक नको, अंडं चालेल. ती चिठ्ठी वाचून प्रत्येक बाई आधी हसायची, मग आत जाऊन काहीतरी वेगळं करून आणायची. परसबागेतल्या पाल्याची कोरडी भाजी आणि भात खाऊन त्या तृप्त असायच्या. ताडाची साखर किलोभर आणली आहे.

डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, किंचित फाटकी चालत नाही, सुटे तिथल्या रिएलमध्ये मिळतात, हे सल्ले सगळेच देतात. पण "कुडाळची ना तू? मग सिएम रीपला जायच्या आधी पिंगुळीला जा," हे सांगणारे तुम्ही एकटेच. तुमच्या आग्रहामुळे आम्ही आधी ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्या बघितल्या, पडद्यामागे बसून रामकथा ऐकली, आणि मग तिकडे स्बेक थोम हे छायानाट्य. तिथे बाहुली नसते. अख्ख्या कातड्यातून कोरलेला माणसाएवढा फलक असतो, त्याला हलणारे सांधे नाहीत, म्हणून तो धरणारा माणूसच नाचतो, कधी पडद्यामागे, कधी पुढे. कथा रामाची, पण तिचं नाव रामकेर, आणि हनुमान तिथे चक्क प्रेमात पडतो. सासूबाई गालातल्या गालात हसल्या. पिंगुळी बघितलं नसतं तर हा फरक आम्हाला दिसलाच नसता.

नोम पेन्हला लेकीला कुठे न्यायचं आणि कुठे नाही, हेही तुम्हीच ठरवलंत. तुओल स्लेंगला, म्हणजे ख्मेर रूज राजवटीच्या तुरुंगाच्या संग्रहालयात, आम्ही दोघं आळीपाळीने गेलो, ती आजीबरोबर नदीकाठी राहिली. त्या राजवटीत, १९७५ ते १९७९ मध्ये, देशभर सतराएक लाख माणसं गेली. नाचणारे, वाजवणारे, शिकवणारे त्यात फार. तुमची ताकीद होती: "पन्नाशीच्या पुढच्या माणसाला घरच्यांबद्दल आपणहून विचारू नका. सांगितलं तर मध्ये न बोलता ऐका." आमच्या रिक्षावाल्या दादांनी शेवटच्या दिवशी आपणहून सांगितलं. आम्ही ऐकलं.

राष्ट्रीय संग्रहालयात मात्र लेक आमच्याबरोबर होती. कोह केर या जुन्या राजधानीतल्या प्रासात चेन देवळातून चोरीला गेलेला दुर्योधन तिथे उभा आहे. चोरांनी पुतळा घोट्यापासून तोडला, पावलं मागे बैठकीवरच राहिली. त्या पावलांवरूनच पुढे तो ओळखला गेला आणि न्यू यॉर्कच्या लिलावापर्यंत पोचलेला पुतळा २०१४ मध्ये परत आला. त्याच साली कॅलिफोर्नियातून भीमही आला. गदायुद्धातले दोघं वैरी परदेशातून एकाच वर्षी घरी परतले, हे तिने वर्गात सांगितलं तेव्हा बाईंना खरं वाटेना. तुम्ही पाठवलेलं कात्रण मी शाळेत दिलं.

तुमच्यासाठी कांपोतची मिरी आणली आहे, २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ती. सासूबाईंचा निकाल असा की आपल्या परसातलीही काही कमी नाही. दोन्हीच्या पुड्या पाठवते, तुम्हीच ठरवा.

आता पुढचं. भाद्रपदाच्या वद्य पक्षात तिथे पचुम बेन असतो, पहाटेच्या अंधारात पागोड्याभोवती भटक्या आत्म्यांसाठी भाताचे गोळे टाकतात, हे तुम्ही बोलता बोलता सांगून गेलात आणि सासूबाईंनी ते धरून ठेवलंय. पितृपक्षात प्रवासाला निघू नये हा त्यांचाच नियम, आणि आता "तिथेही पितरांचंच काम आहे" म्हणून सूट काढणाऱ्याही त्याच. शेवटचे दिवस सगळा देश गावी जातो, गाड्या मिळत नाहीत म्हणे. तर आधी सिएम रीपजवळच्या एखाद्या खेड्यात मुक्काम करावा की बात्तांबांगला? या वेळी राहिलेली संबोर प्रेई कुकची जुनी देवळं त्यात बसतील का? पाऊसही असेल. रविवारी फोन करते, कुकर उतरवून ठेवा.

आपली,
कुडाळची सूनबाई