वॉल्ड्रनला पिंजऱ्यात उभं कर

चि. सानिका,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू "अठ्ठावन्न" म्हणालीस, थिअरीचा पेपर सोडायचं म्हणालीस आणि गप्प झालीस. मीही काही बोलले नाही. कागद वाचल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. आज कोर्टातून निघताना तुझ्या निबंधाची प्रिंट काढून घेतली आणि पेन्सिल हातात धरून दोनदा वाचली. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

आधी गुणांचं उरकते. तिथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, मास्टर्सला पन्नासला पास, साठला मेरिट, सत्तरला डिस्टिंक्शन, हे तूच मला जाण्याआधी समजावून सांगितलं होतंस. म्हणजे मेरिट दोन गुणांनी हुकलं, तेही पहिल्याच निबंधात. जर्मनीत कायद्याच्या मुलांना १८ पैकी गुण देतात आणि ९ मिळाले की मुलगा हुशारांत जमा धरतात. आकडा ज्या गावचा, त्या गावच्या मापाने वाचायचा. आणि अगदीच वाईट वाटत असेल तर आपल्याकडच्या पहिल्या महिला वकील कॉर्नेलिया सोराबजी आठव. ऑक्सफर्डला बीसीएलची, कायद्याच्या पदवीची, परीक्षा त्यांनी १८९२ साली दिली आणि पदवी हातात पडायला १९२२ उजाडलं, कारण मधली बरीच वर्षं ते विद्यापीठ बायकांना पदव्याच देत नव्हतं. तुझा निकाल तीन आठवड्यांत आला.

आता निबंध. विषय छान आहे: निवडून आलेल्या संसदेचा कायदा न निवडलेल्या न्यायाधीशांनी रद्द करावा का? ड्वॉर्किन आणि वॉल्ड्रन हे दोघे कायद्याचे तत्त्वज्ञ, पहिला न्यायालयांच्या बाजूचा, दुसरा संसदेच्या. पाच पानांत "ड्वॉर्किनच्या मते" सात वेळा आणि "वॉल्ड्रन म्हणतात" नऊ वेळा आलंय. मी मोजलं. आणि शेवटचं वाक्य असं की दोन्ही बाजूंत तथ्य असून समतोल साधणं गरजेचं आहे. अगं, एखाद्या दिवाणी न्यायाधीशाने असा निकाल लिहिला असता तर अपिलात तो तसाच रिमांड झाला असता, नव्याने निकाल द्या म्हणून खाली परत आला असता! तुझ्या ट्यूटरने खाली लिहिलंय की कोण काय म्हणालं ते कळलं, तू काय म्हणतेस ते कळलं नाही. ते तुला लागलं. मला मात्र ती ओळ वाचून बरं वाटलं. त्या माणसाला तुझं म्हणणं ऐकायचं आहे.

यात दोष तुझ्या एकटीचा नाही. तू वाढलीस ती माझे युक्तिवाद ऐकत. आमच्याकडे वजन निवाड्याला. सर्वोच्च न्यायालयाने अमुक साली तमुक म्हटलंय, असा कागद पुढे सरकवला की खालच्या कोर्टाला पुढे बोलायला जागा राहत नाही. घटनेच्या १४१ व्या अनुच्छेदाने ते बंधनच घातलंय. लॉ कॉलेजातही पाच वर्षं तू तेच केलंस. कलम, केस लॉ, निष्कर्ष. पण राजकीय विचारांत १४१ नाही. ड्वॉर्किन कुणावर बंधनकारक नाहीत आणि वॉल्ड्रनही नाहीत. तू मात्र त्यांना खंडपीठावर बसवलंस आणि खाली उभी राहून "माननीय" म्हणत राहिलीस.

ते साक्षीदार आहेत, सानिका. त्यांचा लेख म्हणजे त्यांचं सरतपासणीचं शपथपत्र, स्वतःच्या बाजूने दिलेली पहिली साक्ष. ते तू नीट वाचलंस, सुबक अक्षरात उतरवूनही काढलंस. मग उलटतपासाची वेळ आली तेव्हा उठलीच नाहीस, आणि कोर्टाने "नो क्रॉस" लिहून टाकलं.

माझ्या पहिल्या स्वतंत्र उलटतपासाची गोष्ट तुला सांगितली होती का? बांधाचा दावा होता. साक्षीदार म्हणाला, प्रतिवादीने बांध सरकवताना मी लांबून पाहिलं. किती लांबून? दीडशे पावलं. वेळ? दिवस मावळायला आला होता. तोंड कुणीकडे होतं? पाठमोरा होता. इथे मी खाली बसायला हवं होतं. पण अंगात आलं होतं. मी विचारलं, "मग ओळखलंत कसं?" तो शांतपणे म्हणाला, "सख्खा भाचा आहे बाई माझा, चालीवरून ओळखला." माझ्या सिनिअरांनी डोळे मिटून घेतले. दावा गेला तो त्या एका प्रश्नामुळेच, असं अजूनही वाटतं. त्या दिवसापासून ज्याचं उत्तर ठाऊक नाही तो प्रश्न मी कोर्टात विचारलेला नाही.

तुझ्या सेमिनारमध्ये याच्या बरोबर उलटं करायचं. तिथे "मग ओळखलंत कसं?" हाच प्रश्न विचारायचा. साक्षीदाराचं चांगल्यातलं चांगलं उत्तर बाहेर येऊ द्यायचं आणि ते आल्यावरही तुझं काही उरतं का ते पाहायचं. तिथे तुला दावा जिंकायचा नाही, आणि अशिलाची फी पण परत करायची नाही.

करून बघू. तुझ्याच पान दोनवरून घेते. २००६ च्या येल लॉ जर्नलमधल्या लेखात वॉल्ड्रनचं म्हणणं, मला तुझ्या निबंधावरून समजलं तेवढं, असं: हक्कांबद्दल शहाणी माणसंही प्रामाणिकपणे मतभेद ठेवतात. मतभेद मिटवायचे तर प्रत्येकाच्या मताला सारखी किंमत देणारी पद्धत हवी, आणि ती म्हणजे विधिमंडळ. न्यायाधीशही शेवटी डोकी मोजूनच निकाल देतात, मग मोजायची तर सगळ्यांची का नाही? आता इथे थांब आणि त्याला आपल्या घरचा पुरावा दे. केशवानंद भारती, २४ एप्रिल १९७३. तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा. घटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येत नाही हा सगळा डोलारा एका मतावर उभा आहे. हा पुरावा वॉल्ड्रनच्या बाजूने जातो. जाऊ दे. आधी त्याचंच म्हणणं पक्कं होऊ दे, नंतर त्याला मागे सरकता येत नाही.

मग त्याच्या गृहीतकांवर ये. तो स्वतःच सांगतो की माझा युक्तिवाद काही अटींवर उभा आहे: लोकशाही संस्था नीट चालत असल्या पाहिजेत, समाजातल्या बहुतेकांना हक्कांची चाड असली पाहिजे, वगैरे. हे तू एका तळटिपेत ढकललंस! साक्षीदाराने आपल्या तोंडाने दिलेली कबुली कुणी तळटिपेत ठेवतं का? तिथेच विचारायचं: १९७५ च्या जूनमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधानांची निवडणूक रद्द ठरवली, आणि ऑगस्टमध्ये संसदेने ३९ वी दुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेली, तेव्हा तुमची अट पुरी होत होती का? विरोधी खासदार तुरुंगात असताना केलेल्या मतमोजणीला सारखी किंमत कशी म्हणायची? आणि संस्था नीट चालत नाहीत हे ठरवणार कोण? न्यायालय म्हणालात तर तुम्ही तुमच्याच विरुद्ध साक्ष दिलीत. त्या दुरुस्तीतला तो भाग सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये मूलभूत चौकटीच्याच आधारे रद्द केला.

इथे टाळ्या वाजवून खाली बसू नकोस, कारण फेरतपासणी येणार. समोरचा म्हणेल, बाई, १९७६ च्या एप्रिलचं काय? एडीएम जबलपूर. आणीबाणीत बेकायदा अटक झाली तरी हेबिअस कॉर्पस, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे हजर करण्याचा आदेश, मागता येणार नाही, असं त्याच न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं. न्यायालय हक्कांचं राखणदार, तर राखणदार त्या दिवशी कुठे होता? याचं उत्तर माझ्याकडे नाही. आम्ही बार रूममध्ये त्या एकट्या विरोधी मताच्या न्यायमूर्ती खन्नांचं नाव आदराने घेतो आणि विषय बदलतो. तसंच ड्वॉर्किनलाही सोडू नकोस. त्यांनी आदर्श न्यायाधीश कल्पिला तो हर्क्युलिस, सगळं वाचलेला, सगळं तोललेला. पाचांत आमच्या वाट्याला असा एकच आला, आणि त्याचं मत अल्पमतात गेलं. हे पान तुझ्या वर्गात फार थोडे लिहू शकतील. तू लिहिलंस काय, तर भारतासंबंधी अर्धं वाक्य, तेही "विकसनशील देशांत परिस्थिती वेगळी असू शकते" असं. कुठल्या पुस्तकातून उचललंस ते? तुझं वाटत नाही.

तिथलं आणि इथलं असं इतकं वेगळं नसतंच. जर्मनीच्या १९४९ च्या घटनेत काही तत्त्वं कुठल्याच दुरुस्तीने हलवता येणार नाहीत असं कलम आहे. हिटलरच्या आधीच्या वायमार प्रजासत्ताकाचं काय झालं ते बघून घातलेलं. हायडेलबर्गचे डीट्रिश कॉनराड १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात आले आणि दुरुस्तीच्या अधिकाराला अंगभूत मर्यादा असतात या विषयावर बोलले. ते भाषण वकिलांच्या हाती पडलं, गोलकनाथ खटल्यात त्याचा उपयोग झाला आणि केशवानंदमध्ये खन्नांनी कॉनराडना उद्धृत केलं. पुढे १९८९ मध्ये बांगलादेशच्या सर्वोच्च न्यायालयाने हीच चौकट उचलली. एका वर्गातल्या एका व्याख्यानाचा प्रवास बघ. परदेशात शिकणं म्हणजे तिकडून काहीतरी आणणं, एवढंच तुझ्या डोक्यात आहे. तुझ्याकडूनही काही जावं. फीमध्ये ते धरलेलं असतं असं समज.

आणि शिक्षकाला पटलं नाही तर? बाबासाहेबांचं उदाहरण देते. १९१६ साली ते लंडनला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन ही बॅरिस्टरांची संस्था अशी दोन्हीकडे नावं घालून बसले होते. शिष्यवृत्ती संपली म्हणून परत यावं लागलं, पुन्हा १९२० ला गेले. रुपयावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपाने आला, त्याला प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची. त्या प्रस्तावनेत कॅनन सरळ लिहितात की यातलं बरंचसं मला मान्य नाही. आणि तरी प्रस्तावना लिहितात! माझ्या सिनिअरांना मान्य नसलेला मुद्दा मी मांडला असता तर दुसऱ्या दिवशी फाइल काढून घेतली असती. म्हणून म्हणते, असहमत होणारा शिक्षक मिळालाय तोवर वापरून घे.

आता कालच्या शेवटच्या वाक्याबद्दल. "थिअरी सोडून आर्बिट्रेशन घेते." आर्बिट्रेशनला, लवादाच्या कामाला, मी नावं ठेवणार नाही. चांगलं काम आहे, पैसा आहे, आणि तुला कर्ज फेडायचं आहे हे मी विसरलेले नाही. सनदेची काळजी नको. ती तुझ्याकडे आहे आणि तू कुठला पेपर घेतलास याच्याशी बार काउन्सिलला घेणंदेणं नाही. (ऋताच्या भावाला मात्र सांग की तिकडे जाऊन पहिलीच पदवी घेणार असेल तर विद्यापीठ बार काउन्सिलच्या यादीत आहे का ते आधी बघ, आणि परत येऊन वकिली करायची तर त्यांची पात्रता परीक्षा द्यावी लागते. ही गोष्ट लोकांना तीन वर्षांनी कळते.)

पण ५८ मिळाले म्हणून सोडणार असशील तर ते मला पटत नाही. तू लॉच्या पहिल्या वर्षाला होतीस, डडली आणि स्टीफन्सचा १८८४ चा खटला वाचून रात्री साडेअकराला माझ्या खोलीत आली होतीस. बोट बुडालेली, होडीत चौघं, प्यायला पाणी नाही, आणि दोघांनी मिळून आजारी पोराला, रिचर्ड पार्करला, मारलं आणि उरलेल्या तिघांनी खाल्लं. मी झोपेतच म्हणाले, गरज हा खुनाचा बचाव होत नाही, झोप आता. तू दाराशी उभीच. "आई, चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर?" मी म्हटलं, तरी खूनच. "आणि पार्कर स्वतः हो म्हणाला असता तर?" मी उठून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी तारीख होती आणि आपण दोन वाजेपर्यंत त्या होडीत होतो. मी वकील आहे, माझं काम "खूनच" या शब्दाशी संपलं होतं. तुझं तिथून सुरू झालं होतं. तो निबंध लिहिणारी मुलगी आणि ही दाराशी उभी असलेली मुलगी एकच आहे, असं मला आज प्रिंट वाचताना वाटेना.

पेपर बदलायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे म्हणालीस. ठरव तू. त्याआधी एक कर: ती तळटीप वर मजकुरात घे आणि तेवढा एकच परिच्छेद नव्याने लिही. "माझ्या मते" ने सुरू केलास तरी चालेल, नंतर खोडता येतं. मला पाठव. गुरुवारी एका तलाठ्याचा उलटतपास आहे, तो दुपारपर्यंत संपेल. संध्याकाळी पेन्सिल घेऊन बसते.

तुझी,
आई

ता. क. पान तीनवर केशवानंदचं साल १९७४ लिहिलंयस. हे मात्र मी माफ करणार नाही.