आत्या, तू मला पैसे दिले नाहीस त्याबद्दल

तीर्थरूप आत्यास,
साष्टांग नमस्कार.

परवा मावसभावाचे शेवटचे दोन हजार परत केले आणि वहीत त्याच्या नावापुढे शून्य मांडलं. तुला फोन केला तर तू "बरं झालं, जेवलास का?" एवढंच म्हणालीस. मला पुढे बोलता आलं नाही, घसा भरून आला. म्हणून लिहितोय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहू का, हे तुला विचारलंच होतं. तू म्हणालीस, माझं नाव नको, बाकी खरं ते लिही. कंपनीत माझ्याबरोबर काम करणाऱ्या बऱ्याच पोरांच्या फोनमध्ये तीच कर्ज देणारी ॲप्स आहेत. ती पोरं बहुतेक सगळी आईवडिलांबरोबरच राहतात आणि घरात कुणाला काही माहीत नसतं. त्यांच्यापर्यंत हे पोचावं असं वाटतं.

गेल्या श्रावणातल्या त्या रविवारी मी साताऱ्यात करंज्याला तुझ्याकडे आलो ते पैसे मागायलाच. तुझी ठेव आहे हे मला माहीत होतं. ऐंशी हजार दे, दीड वर्षात फेडतो, असं वाटेत पाठ करत आलो होतो. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "नक्की किती?" मी म्हटलं, "ऐंशीच्या आसपास." तू म्हणालीस, "आसपास नको. आकडा सांग." मला सांगता येईना. कुणाचे किती, कधीपर्यंत, व्याज काय, यातलं एकही मला धड ठाऊक नव्हतं. तीस वर्षं पतसंस्थेत कीर्द-खतावणी लिहिलेल्या माणसासमोर मी नुसता बसून राहिलो.

तू रागावली नाहीस. मला झेरॉक्सच्या दुकानात पाठवलंस आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट छापून आणायला सांगितलंस. तेवढ्या वेळात तू कपाटातून लाल कापडी बांधणीची लांब वही काढून ठेवली होतीस. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे जमा, म्हणजे आलेले, उजवीकडे नावे, म्हणजे गेलेले. दुपारी चारपर्यंत आकडा निघाला. क्रेडिट कार्ड ३८,६००. मोबाइलचे सात हप्ते २,१५० प्रमाणे, म्हणजे १५,०५०. दोन ॲपचे मिळून ११,५००. मित्राचे हातउसने ८,००० आणि मावसभावाचे ५,०००. कँटीनची उधारी १,३४०. एकूण ७९,४९०. तू बेरीज खालून वर परत एकदा केलीस आणि आकड्याखाली दोन रेघा ओढल्यास. आत्या, मला त्या क्षणी भीती वाटायला हवी होती, पण सुटल्यासारखं वाटलं. इतके महिने रात्री अंगावर येणारी गोष्ट एका पानावर मावली होती.

मग तू मला व्याज दाखवलंस, तुझ्या भाषेत, शेकड्यात. कार्डाचं महिन्याला साडेतीन टक्के, वर त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे ३८,६०० वर महिन्याचे जवळजवळ १,५९४. आणि मी "किमान रक्कम" म्हणून दर महिन्याला साधारण १,९५० भरत होतो आणि स्वतःला जबाबदार समजत होतो. मुद्दल फिटत होतं साडेतीनशे. ॲपचं तर त्याहून वाईट. ६,००० मंजूर, फी कापून हातात ५,२००, तीस दिवसांनी भरायचे ६,१५०. तू कागदावर भागाकार केलास आणि म्हणालीस, "दरमहा शेकडा अठरा. एवढं तर आमच्या आजोबांच्या काळातल्या सावकारानंही घेतलं नसतं."

पण खरी गोष्ट त्या स्टेटमेंटमध्ये पुढे होती. तू लाल पेनानं यूपीआयचे छोटे छोटे आकडे गोल करत गेलीस. चाळीस, साठ, एकशे दहा, पुन्हा साठ. सगळे संध्याकाळी सात ते नऊमधले, पोवई नाक्यावरच्या खाण्याच्या गाड्यांचे. एका महिन्यात ४,८७०. तू विचारलंस, "घरी गेल्यावर जेवतोस का?" मी म्हटलं, बहुतेक वेळा नाही, भूक नसते. तू पेन खाली ठेवलंस. "मग वहिनी काय करते त्या ताटाचं?"

मला माहीत होतं आई काय करते. ओट्यावर ताट झाकून ठेवते. भाकरी फडक्यात, भाजी वाटीत, वर दुसरी थाळी पालथी. सकाळी तीच भाकरी कुस्करून, फोडणी देऊन स्वतः खाते. मी इतकी वर्षं ते रोज बघत होतो आणि कधी बघितलं नव्हतं.

त्यानंतर तू पहिली ओळ लिहिलीस. आत्या, त्या ओळीसाठी हे पत्र आहे. मला वाटलं होतं तू सांगशील, वर्षभर घरी काही देऊ नको, घरी राहतोस, भाडं नाही, सगळा पगार कर्जात घाल. कुणीही हेच सांगितलं असतं. तू लिहिलंस, "घर – ४,०००." मी हिशेब घालायला लागलो की एवढ्यात मित्राचे दोन महिन्यांत फिटतील. तू म्हणालीस, "तू घरी फुकट राहत नाहीस. तुझं भाडं दादा भरतोय. ते कर्ज या पानावर आलंच नाही, म्हणून तुला ७९,४९० वाटतंय." तोवर मी आईला कधीमधी हजार-पाचशे द्यायचो आणि तेही उपकार केल्यासारखे.

२१,४०० पगारातून घर ४,०००, पेट्रोल १,८००, रिचार्ज ३००, मोबाइलचा हप्ता २,१५०, माझा हातखर्च १,५००. उरले ११,६५०. आधी ॲप, कारण तिथे व्याज सगळ्यात जास्त. त्याबरोबरच कँटीन, कारण त्या काकांचं पोट त्याच पैशावर. कार्डाची तोवर फक्त किमान रक्कम, आणि कार्ड तुझ्या कपाटात. मित्राला मात्र पहिल्याच महिन्यात हजार रुपये द्यायला लावलेस, समोर जाऊन. हातउसन्याला व्याज नसतं म्हणून ते शेवटी, असं मी म्हटल्यावर तू म्हणालीस, "त्यानं तुला चार महिन्यांत एकदाही विचारलं नाही. त्याला तारीख सांगून ये." गेलो. तो म्हणाला, अरे राहू दे की. पण पैसे घेताना त्याचा चेहरा मोकळा झाला, ते मला दिसलं.

घरी वडिलांना, दादांना, सांगायचं तेवढं बाकी होतं. मी तुला म्हटलं, तूच सांग दादांना, तुझं ऐकतात. तू म्हणालीस, "सांगायचं तू. मी शेजारी बसते." त्या संध्याकाळी तू खरंच माझ्या गाडीवर मागे बसून घरी आलीस, गुडघा दुखत असताना. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी वही मागून घेतली, चष्मा लावला आणि विचारलं, "यातलं फोन करून त्रास देणारं कुठलं?"

कारण फोन चालूच होते. एका ॲपवाल्यांचा माणूस सकाळी सातला फोन करायचा, माझ्या फोनमधल्या सगळ्या नंबरांना कळवतो म्हणायचा. घरी कळलेलं असल्यामुळे त्या धमकीतली हवाच गेली. आणि तू शोधायला लावलंस की ॲपमागे पैसे देणारी वित्तसंस्था कोणती आणि ती रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का. होती. मग नियम सापडले. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनमधली संपर्कांची यादी उघडू नये, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ सालीच सांगून ठेवलंय. तक्रार आधी त्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी करायची, तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्याला पैसे लागत नाहीत. आपण ईमेल लिहिली, कॉलच्या वेळा आणि तारखा घालून. चौथ्या दिवशी फोन थांबले. पैसे मी तरीही पूर्ण भरले, आणि कर्ज शिल्लक नसल्याचा दाखला मागून घेतला. तुझ्या सांगण्यावरूनच.

सगळं सरळ झालं नाही, हेही लिहितो. डिसेंबरमध्ये मी कार्डाचा नंबर फोनमध्ये साठवलेला होता त्यावरून ३,२०० चं जॅकेट घेतलं आणि तुझ्यापासून लपवलं. जुनी बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, हे मला बिल आल्यावर समजलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी वही उघडली आणि मला खोटं लिहिता येईना. तू ते नावे टाकलंस, तारीख घातलीस आणि फोनमधला नंबर माझ्याकडूनच काढायला लावलास. पुन्हा त्यावर एक शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस तर कदाचित मी पुढच्या रविवारी आलो नसतो.

जानेवारीत दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मी म्हटलं, कर्जाचे पैसे ठरलेत, त्यांना हात कसा लावू. तू पान उलटून लिहिलंस, "या महिन्यात कार्डाला किमान रक्कम, बाकी दादाचा डोळा." सात हजार गेले. दवाखान्यात काउंटरवर मी पैसे भरत होतो तेव्हा दादा मागच्या बाकावर बसून माझ्याकडे बघत होते. एक डोळा झाकलेला. काही बोलले नाहीत, पण घरी आल्यावर आईला म्हणाले की पोरानं भरले. हे मला आईनं सांगितलं.

मार्चमध्ये कार्डवाल्यांचा फोन आला होता की थोडे कमी भरा, सेटलमेंट करून टाकू. मला मोह झाला. तू म्हणालीस, राहिलेत किती, पूर्णच फेड, नाहीतर कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलच्या अहवालात 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि उद्या घरासाठी बँकेत गेलास की तोच आधी वाचतात. एप्रिलमध्ये कार्ड पूर्ण फिटलं. अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो मी मागवून बघितला. शिल्लक शून्य. त्याची प्रत वहीच्या शेवटच्या पानाला डिंकानं चिकटवली आहे.

अकरा महिने दर महिन्याचा पहिला रविवार तू माझ्यासाठी ठेवलास. एकदा तुझ्या नणंदेकडचा कार्यक्रम सोडून थांबलीस, ते मला नंतर कळलं. तू ऐंशी हजार काढून दिले असतेस तर त्याच आठवड्यात सगळे फोन बंद झाले असते, आणि आईचं ताट तसंच झाकलेलं राहिलं असतं. आता आठला घरी असतो. आम्ही तिघं एकत्र जेवतो. दादा बातम्या लावतात, आई त्यांना आवाज कमी करायला सांगते.

या महिन्याचं पान मी स्वतः आखलं. पहिली ओळ "घर – ५,०००." दुसरी पोस्टातल्या आवर्ती ठेवीची. तिसऱ्या ओळीत तुझ्या गुडघ्याच्या डॉक्टरांचं नाव लिहिलंय. त्यावर वाद घालायचा नाही. वहीत आता दोनच कोरी पानं राहिली आहेत. नवी वही तूच निवडायची, असं आई म्हणते. तेव्हा रविवारी दहाला गाडी घेऊन येतो, राजवाड्याकडच्या दुकानात जाऊ. चहा आपल्याच घरी घे, दादा वाट बघतायत.

तुझा भाचा