बाबांचे बूट वाचवणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

बाबांचे तपकिरी बूट मी तुमच्यापुढे ठेवले, तेव्हा ते लाकडासारखे कडक झाले होते. पावसात चिंब भिजले म्हणून मीच ते रात्रभर हीटरला टेकवून ठेवले होते. "नवा सोल बसवून द्या," एवढंच मी म्हणाले. तुम्ही ते काम सहज घेऊ शकला असता. पण तुम्ही बूट हातात घेऊन जरासा वाकवलात, बोटं दुमडतात तिथली केसाएवढी चीर मला दाखवलीत आणि म्हणालात, "सोल शाबूत आहे. चामडं कोरडं पडलंय."

मग समजावून सांगितलंत. चामडं कमावताना त्यात तेल मुरवतात, म्हणून आतले तंतू एकमेकांवरून सरकतात आणि बूट पायाबरोबर वाकतो. ओलं चामडं आचेजवळ झटपट वाळवलं की तंतू एकमेकांना चिकटून बसतात. मग वाकवलं की तुटतात, आणि तुटलेले तंतू कुठलंच क्रीम सांधत नाही. इतकं स्पष्ट मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही सगळं माझ्याच हातून करून घेतलंत. आधी लेस काढायच्या, ओलसर फडक्याने पुसायचं, सोलच्या कडेच्या शिवणीत अडकलेली माती जुन्या टूथब्रशने काढायची. मग करंगळीच्या नखाएवढं क्रीम बोटानेच चोळायचं. रात्रभर मुरू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात. तिसऱ्यांदा डबी उघडली तर तुम्ही झाकण लावून टाकलंत. तेल जास्त झालं की चामडं ढिलं पडतं म्हणालात. पॉलिश केलं म्हणजे चामड्याची काळजी घेतली, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. मेणाचं पॉलिश वरच राहतं, चकाकी देतं, थोडं पाणी अडवतं, पण कोरडं चामडं त्याने मऊ होत नाही, हे तुमच्याकडून कळलं.

पुढे बुटांवर पांढरी पूड दिसली, तेव्हा बुरशी समजून मी घाबरून आले. तुम्ही केस वाळवायचं यंत्र लांब धरून मंद आचेवर क्षणभर फिरवलंत आणि पूड विरघळून गेली. आतली चरबी वर आली होती. बुरशी असती तर अशी वितळली नसती.

आता बूट भिजले तर मी आत कोरे कागद ठासते, ओले झाले की बदलते आणि पंख्याखाली वाळू देते. एक दिवस घातले की एक दिवस विश्रांती, कारण घामाची ओलही आत राहतेच.

ती चीर गेलेली नाही. ती जाणार नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत, आणि खोटी आशा लावली नाहीत याचे आभार मला वेगळे मानायचे आहेत. काल बाबांनी खाली बसून त्याच बुटांच्या लेस बांधल्या आणि फिरायला गेले.

तुमची,
त्या तपकिरी बुटांची मुलगी