वाल्याच्या पुढची गोष्ट मुलांना हवी आहे

महोदय,

माजी खलनायकांना नायक करणाऱ्या अद्भुतरम्य कादंबरीमालांवर टीका करणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. अशा पुस्तकांनी मुलांना चांगले-वाईट कळेनासे होईल, अशी लेखकाची भीती आहे. मी सोलापुरात एका सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव विभागात काम करते. ही पुस्तके नेणारी मुले रोज समोर असतात, म्हणून राहवले नाही.

मुळात हे खूळ बाहेरून आलेले नाही. वाल्या कोळ्याची गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. एकेका खुनाला एकेक खडा टाकत भरलेले सात रांजण, पापात वाटेकरी व्हायला नकार देणारी बायको, मग वारूळ आणि वारुळातून थेट वाल्मीकी. पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी नववीतली एक मुलगी पुस्तक परत करताना मला म्हणाली, "काकू, वाल्यानं ज्यांना मारलं, त्यांच्या पोरांचं काय झालं ओ?" मी गप्प राहिले. आपली गोष्ट त्या पोरांच्या दारात कधी जातच नाही.

चांगली कादंबरीमाला नेमकी तिथे जाते. गाव जाळणारा मांत्रिक पस्तावून परत येतो, पण त्या गावात त्याला पाणी कोण देणार? त्याने उद्या खरोखर कुणाचा जीव वाचवला, तरी विश्वास कोण ठेवणार? पाली सूत्रांतल्या, माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ घालणाऱ्या अंगुलिमाल या दरोडेखोराच्या कथेत हे आलेले आहे. भिक्खू झाल्यावर तो श्रावस्तीत भिक्षेला गेला, तेव्हा त्याच्या अंगावर ढेकळे, काठ्या, खापऱ्या येऊन पडल्या. डोके फुटलेले, भिक्षापात्र फुटलेले, चीवर फाटलेले, अशा अवस्थेत तो परतला आणि बुद्धांनी त्याला सांगितले, सहन कर. हा प्रसंग वाचून कुठल्या मुलाला खून सोपा वाटेल?

लेखकाचे एक म्हणणे मात्र मला मान्य आहे. बापाने छळले म्हणून राज्य जाळले आणि दोन आसवे गाळली की हिशेब मिटला, अशीही पुस्तके येतात. ती मी कुणाला सुचवत नाही. ज्यांचे घर जळले ती माणसे पुस्तकात बोलतात का, हे मी आधी बघते.

खरी अडचण वेगळी आहे. या मालांमध्ये खलनायक बदलतो तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या भागात, आणि आमच्यासारख्या वाचनालयांत पुष्कळदा पहिलाच भाग असतो. इंग्रजी संच महाग, वर्षाची खरेदी तुटपुंजी. मग मुलांच्या हाती फक्त जाळपोळच लागते! निवड समित्यांनी संच घ्यायचा तर पुरा घ्यावा, नाहीतर घेऊ नये.

आणि मराठीत हे का लिहिले जाऊ नये? ‘मुक्तामाला’ ही कादंबरी १८६१ साली आली. अद्भुतरम्य कादंबरी आपल्याला नवी नाही. आपल्या पुरवणीतच एखाद्या ताज्या दमाच्या लेखकाकडून अशी माला क्रमशः लिहून घ्यावी. सोलापूरच्या मुलांना तिच्यातला किल्ला भुईकोट असलेला आवडेल, आणि त्या नववीतल्या मुलीचा प्रश्न लेखकापर्यंत पोचवायला मी तयार आहे.

– एक वाचनालय कर्मचारी, सोलापूर